कठड्याजवळची बाई

१

डोंगराकडे ढग जमायला लागले की आमच्या नवऱ्याच्या अंगात येतं. एरवी ह्या माणसाला भाजी आणायला सांगितली तर चप्पल शोधण्यात अर्धा तास घालवेल. पण तिकडे काळं दिसलं रे दिसलं की पाच मिनिटांत ट्रायपॉड खांद्याला, बॅग पाठीला आणि स्वारी बसमध्ये. डोंगरावर एक जुनं विश्रामगृह आहे. त्याच्या मागच्या अंगाला फरशी घातलेला उघडा सज्जा, सज्ज्याला लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे दरी आणि दरीपलीकडे डोंगरांची रांग. दिवेलागणीच्या वेळी तिथे वादळ आलं की वीज जणू ह्याच्याचसाठी पडते. लोक ह्याला 'वीजवाले' म्हणतात. मासिकांत फोटो छापून येतात, प्रदर्शनं लागतात, फोटोखाली नाव असतं. ह्याचं.

मी खाली स्टुडिओ सांभाळते. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो, लग्नाचे अल्बम. शिवाय ह्याने आणलेले फोटो साफ करणं. तार मध्ये आली, काढ. खांब आला, काढ. कुणाच्या लग्नात रुसून बसलेला मामा आला, काढ. माझ्या हातून गेलेल्या माणसाचा मागमूस उरत नाही, असं हाच चारचौघांत सांगतो. तेवढंच कौतुक.

अजून एक काम मी करते, त्याला काही नाव नाही. गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड जुळवायला कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. ती मी. ''जरा उभी राहा गं,'' असं म्हटलं की मी उभी राहते, न हलता, पुतळ्यासारखी. हा दिवे पुढेमागे करतो, डोळा लावून बघतो, आणि सगळं जुळलं की म्हणतो, ''हं, बाजूला हो आता.'' मग खरा माणूस येतो आणि खरा फोटो निघतो. एकोणीस वर्षांत ह्याने हजारो माणसांचे फोटो काढले असतील. त्यांतल्या एकातही मी नाही. बोलून दाखवलं तर हसतो. म्हणतो, ''अगं, घरच्या माणसाचा काय फोटो काढायचा?''

वादळ संपलं की ह्याचा स्टुडिओच्या फोनवर फोन येतो. त्या संध्याकाळीही आला.

''झालं काम,'' म्हणाला. ''अकरा फ्रेम मिळाल्या. खाली फरशीवर काहीतरी पिवळं आलंय, तेवढं आल्यावर काढून टाक.''

''काढते. जेवायला येणार का?''

तेवढ्यात फोनमध्ये एका बाईचा आवाज आला. लांबून नाही, अगदी ह्याच्या गालाला गाल लावून उभी असावी इतक्या जवळून. ''अगं, ठेवू नकोस! ऐक माझं—''

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई ह्याच्याजवळ आणि वर मलाच 'अगं' म्हणते? हिची हिंमत बघा! मी फोन आपटला.

२

रात्री हा आला तेव्हा मी नुसतं ताट वाढलं. मला आधी पुरावा हवा होता. हा झोपल्यावर नाही, चांगलं सकाळी, हा आंघोळीला गेल्यावर मी कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

वादळाचे फोटो कसे काढतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वीज दिसल्यावर बटण दाबून उपयोग नसतो, तोवर ती गेलेली असते. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. मग पुन्हा तीस सेकंद, पुन्हा तीस. मध्ये वीज पडली तर ती आपला फोटो आपणच काढून जाते. ह्यात एक गंमत असते. त्या तीस सेकंदांत जे हलतं ते पुसट होतं किंवा येतच नाही. जे गच्च उभं असतं तेच येतं. डोंगर येतात. कठडा येतो. माणूस सहसा येत नाही, कारण माणसाला तीस सेकंद स्थिर राहता येत नाही.

पहिल्या फ्रेममध्ये समोरच्या सुळक्यावर वीज होती आणि डाव्या कोपऱ्यात, कठड्याजवळ, एक पिवळा ठिपका. मी मोठा करून पाहिला.

बाई होती. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी, पाठ कॅमेऱ्याकडे. एक हात कठड्यावर. रेनकोटाच्या खालच्या कडेला एका बाजूला वीतभर तुकडा फाटलेला. ती इतकी स्पष्ट आली होती की फाटक्या कडेचे दोरे दिसत होते. आणि रेनकोट पातळ होता, तिथे वारा होता, मागची झाडं सगळी वाकून पुसट झाली होती. ही बया मात्र ढिम्म.

दुसऱ्या फ्रेममध्येही ती होती. तिसऱ्यातही. पाचव्यात तिने मान थोडी वळवली होती. आठव्यात खांदा वळला. दहाव्यात ती पूर्ण कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती, पण टोपीमुळे चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. अकराव्यात तिने एक हात वर केला होता, आणि हात तेवढा हलल्यामुळे धुरासारखा झाला होता. हात हलवत होती लाडात. ह्याच्याकडे बघून.

मला झोंबलं. ह्याची कोणीतरी आहे एवढ्यानेच नाही. अकरा फ्रेम, म्हणजे साडेपाच मिनिटं, ती ह्याच्या फोटोत उभी होती. आणि एकदाही हा तिला 'बाजूला हो' म्हणाला नव्हता.

३

''कोण ही?'' मी विचारलं. हा टॉवेलने डोकं पुसत आला होता.

''कुठली?''

''ही.'' मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

हा वाकला. चष्मा लावून आला. पुन्हा वाकला. ''अगं, तेच म्हणत होतो ना मी. फरशी ओली होती, त्यात काहीतरी पिवळं चमकलंय. कशाचं आहे कळत नाही. काढ ते.''

''फरशीवरचं नाही विचारत. वरची बाई कोण?''

''वर?'' ह्याने माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. ''वर कठडा आहे.''

डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे किती! चोरी करून वर तोंड इतकं भोळं. मी म्हटलं, ''फोनवर तिचा आवाज ऐकलाय मी. 'अगं, ठेवू नकोस' म्हणत होती.''

''कसला आवाज? तिथे मी आणि रखवालदार काका, तिसरं कुत्रंसुद्धा नव्हतं. गडगडाट चालला होता, त्यात काय ऐकलंस कोण जाणे.''

दुपारी माझी नणंद आली. ती ह्याची बहीण, पण माझी बाजू घेणारी. तिला मी फोटो दाखवला. तिने डोळे बारीक केले, मान तिरकी केली, आणि म्हणाली, ''हे पिवळं होय? वहिनी, अगं रेनकोट आहे तो. कुणीतरी कठड्यावर वाळत टाकलाय. तू पण ना! दादाकडे बघून कोण बाई भुलणार आहे? तूच एक भुललीस, ती पुरे.''

''वाळत घातलेल्या रेनकोटाला हात असतो?''

''कुठे आहे हात?''

मला तर हात स्वच्छ दिसत होता. बोटंसुद्धा. क्षणभर वाटलं, माझंच डोकं फिरलंय की काय. मग विचार केला, बहीणभाऊ आहेत. वेळ आली की रक्ताचंच माणूस धरून चालणार. पण एक गोष्ट त्या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती आणि माझ्या आली होती. तीस सेकंद न हलता उभं राहणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. त्याला सवय लागते. वजन एका पायावर घ्यायचं, गुडघा सैल सोडायचा, श्वास वरच्यावर. ती अगदी तशी उभी होती. म्हणजे ही कोणी भाबडी प्रवासी बाई नव्हे. फोटोसाठी उभं राहणं जिला शिकवलंय अशी बाई. आणि शिकवणारा कोण, हे मला कुणी सांगायला नको.

४

आमच्या कामाच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. 'मूळ फाईलला हात लावू नये.' अक्षर माझंच. जो काही बदल करायचा तो प्रतीवर करायचा, मूळ तसंच ठेवायचं, म्हणजे चूक झाली तर परत फिरता येतं. एकोणीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. नवीन मुलींना शिकवताना पहिलं वाक्य हेच असायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हा कुणाशी तरी फोनवर बोलत, हसत, आतल्या खोलीत गेला आणि ह्याने दार लोटून घेतलं. नुसतं लोटलं, कडी लावली नाही. पण तेवढं मला पुरलं. मी टेबलापाशी बसले, अकराच्या अकरा फाईली उघडल्या आणि तिला काढायला घेतलं.

आधी डोकं काढलं. डोक्याच्या जागी बाजूचे ढग भरले. मग खांदे. खांद्यांच्या जागी दरी. कठड्यावरचा हात काढताना वेळ लागला, कारण कठड्याचे गज बोटांमागून पुन्हा जोडावे लागले. एरवी असं काम मला कंटाळवाणं वाटतं. त्या दिवशी मी गुणगुणत होते. शेवटी फाटकी कड गेली, पाय गेले. फरशीवरचा पिवळा ओघळ मात्र जाईना. घासला की दुसरीकडे उगवायचा. मी म्हटलं, राहू दे मेला, फरशी तर फरशी.

आणि मग मी जतन केलं. प्रतीवर नाही. मूळ फाईलवर. अकराही. बॅकअपच्या डिस्कवरच्या प्रतीही तशाच बदलल्या आणि कार्ड कोरं केलं. कागद समोर होता, मी त्याच्याकडे बघत बघत केलं हे सगळं. आता ही बाई कुठेही नाही, कुणाच्याही कपाटात नाही, ह्याला रात्री उठून बघायचं म्हटलं तरी नाही. इतकं बरं वाटलं मला! गार पाणी प्यायल्यासारखं.

हा बाहेर आला आणि खुर्चीमागे उभा राहून फोटो बघायला लागला. ''वा! जमलंय,'' म्हणाला. ''पण ते पिवळं राहिलंच की.''

''दिसू दे जरा,'' मी म्हटलं.

हा तसाच वळून आत गेला. म्हटलं, लागलं वाटतं मनाला.

५

त्यानंतर ह्याचं माझ्याकडचं लक्षच उडालं. आधी फार होतं अशातला भाग नाही. पण आता चहा टाकला तर एकाच कपाचा. मी समोर बसलेली, आणि हा आपला कप घेऊन पेपर उघडणार. मी म्हटलं, ''आमचा चहा?'' तर दचकायचा. ''अरे, तू इथे आहेस होय!'' नणंदेने दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा मी बोलत असताना मध्येच ''हॅलो, हॅलो, कुणी आहे का?'' म्हणून ठेवून दिला. मी मनात म्हटलं, सगळं घर एक झालंय. तिच्यासाठी जागा करतायत.

मग त्या सोमवारची गोष्ट. दुपारी एका कुटुंबाचा फोटो होता. हा म्हणाला, ''जरा उभी राहा गं.'' मी पडद्यापुढे उभी राहिले. हल्लीच्या कॅमेऱ्यात माणूस समोर आला की स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन येतो. कॅमेरा चेहरा ओळखतो आणि तिथे नजर लावतो. चौकोन आला नाही. ह्याने कॅमेरा बंद करून चालू केला. लेन्स पुसली. चौकोन इकडेतिकडे भटकायला लागला. एकदा मागच्या पडद्यावर गेला, एकदा स्टुलावर.

''फोकस धरत नाहीये,'' म्हणाला. ''बाजूला हो जरा.''

मी बाजूला झाले. ते कुटुंब आत आलं, आजोबा स्टुलावर बसले, आणि पाचही चेहऱ्यांवर पाच हिरवे चौकोन टपाटप बसले. कडेवरचं पोर हातातली बाहुली हलवत होतं. बाहुलीच्या तोंडावरही एक बसला.

मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. कॅमेरे बिघडतात, मी स्वतःला सांगितलं. बाहुलीचा चेहरा गोरा आहे, माझ्यावर सावली पडली असेल. सगळ्याला कारण असतं. पण संध्याकाळी दुकान बंद करताना मी पडद्यापुढे एकटी जाऊन उभी राहिले, कॅमेरा टायमरवर लावून. दहा सेकंदांनी चमक झाली. मी स्क्रीन बघायला गेलेच नाही. कॅमेरा बंद केला आणि दिवा घालवला.

मला त्याहून मोठी चिंता होती. डोंगराकडे पुन्हा ढग जमले होते आणि हा भिंतीशी ट्रायपॉड पुसत बसला होता, तोंडाने शीळ घालत.

६

हा दोनच्या बसने गेला, मी तीनच्या. ह्या खेपेला रंगेहाथ पकडायचं, समोरासमोर उभं करायचं, आणि विचारायचं, बोला आता. सगळ्या वाटेत मी काय काय बोलायचं ते पाठ केलं. कंडक्टर माझ्याकडे तिकिटाला आलाच नाही, दोनदा शेजारून गेला. मीही हाक मारली नाही.

विश्रामगृहात पोचले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि उजेड पिवळट पडला होता. रखवालदार काका व्हरांड्यात कंदिलाची काच पुसत होते. मी अगदी पायरीवर जाऊन ''काका'' म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. माझ्या जरा बाजूलाच बघत म्हणाले, ''कोण? अरे, दिसलाच नाहीत हो बाई. उजेडच असा आहे.''

''साहेब आलेत का?''

''आलेत की. खोलीत सामान लावतायत. तुम्ही भिजताय, हे घाला.'' त्यांनी खुंटीवरचा रेनकोट काढून पुढे केला.

पिवळा. खालच्या कडेला वीतभर फाटलेला.

मला संतापच आला. म्हणजे इथे खुंटीवर टांगलेला असतो तिचा रेनकोट! स्वतःच्या घरातल्यासारखा! ''कुणाचा आहे हा?'' मी विचारलं.

''असतो इथे. ज्याला लागेल त्याने घालावा.''

काय उत्तर! काकाही ह्याचेच. मी तो रेनकोट अंगावर चढवला, टोपी पुढे ओढली. माझ्या मनात एक कल्पना आली होती आणि ती मला फार आवडली. तिच्या जागी, तिच्या कपड्यांत मी उभी राहणार. पाठ करून. हा येईल, लाडाने हाक मारेल, काय मारायची ती मारेल, आणि मग मी वळेन. त्या वेळचं ह्याचं तोंड मला बघायचं होतं. जन्मभर पुरलं असतं मला ते.

मी सज्ज्यावर गेले. फोटो मला पाठ होता, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. डाव्या कोपऱ्यातून तिसरा गज. एक हात कठड्यावर. दरीतून ढग वर येत होते आणि समोरची डोंगररांग एकेक करून काळी पडत होती.

मागे दार वाजलं. ट्रायपॉडचे पाय उघडल्याचे तीन आवाज झाले. ह्याचीच पावलं, ह्याचंच खाकरणं. मी श्वास वरच्यावर घेतला, वजन एका पायावर टाकलं, गुडघा सैल सोडला. सवयीने. आणि वाट बघितली.

 हाकेऐवजी शटर उघडल्याचा आवाज आला, खट्.

समोर वीज पडली. डोंगर निळा-पांढरा झाला आणि पुन्हा विझला. मी सवयीने मोजलं. सहापर्यंत गेल्यावर गडगडाट आला. मागे शटर मिटलं. पुन्हा उघडलं.

७

दुसऱ्या फ्रेमला वाटलं, मुद्दाम करतोय. तिसऱ्याला वाटलं, पाठ बघतोय, ओळखत नाहीये. स्वतःची पाठ मी तरी कुठे कधी पाहिली होती? फोटोत पाहिली तेव्हा मला ती परकीच वाटली होती. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी तो लगेच ढकलून दिला. पाचव्या फ्रेमला मी मान थोडी वळवली.

कॅमेरा माझ्याकडे होता. हा त्याच्यामागे उभा होता, हातात रिमोट, आणि बघत होता थेट माझ्याकडे. म्हणजे माझ्या जागेकडे. एकोणीस वर्षं ह्या डोळ्यांसमोर उभी राहिलेय मी. ह्याच्या नजरेत कोणी आलं की भुवई कशी चढते ते मला ठाऊक आहे. भुवई चढली नव्हती. हा माझ्यातून डोंगर बघत होता.

खट्. सहा. सात. आठ.

आठव्याला मी खांदा वळवला. मला ठाऊक होतं मी काय करतेय, आणि तरी दुसरं काही करता येत नव्हतं. मी मनाशी म्हणत होते, म्हण. म्हण एकदा, बाजूला हो. रागाने म्हण, हाकलून दे, पण म्हण. दहाव्याला मी पूर्ण वळले. पाऊस टोपीवरून तोंडावर येत होता. अकराव्याला मी हात वर केला आणि हलवला, लांब जाणाऱ्या बसला थांबवायला हलवतात तसा.

खट्.

''झालं!'' हा म्हणाला आणि रिमोट खिशात टाकला.

मी धावत जवळ गेले. ह्याचा दंड धरला, हलवला, नावाने हाक मारली. ह्याने दंडावरून हात फिरवला, पाण्याचे थेंब झटकावेत तसा. आतून रखवालदार काका चहा घेऊन आले. एक कप.

''मिळाली का साहेब?''

''अकरा फ्रेम, काका. हे बघा.''

दोघं स्क्रीनवर वाकले. मीही त्यांच्या खांद्यांमधून वाकले. सुळक्यावर वीज होती, झाडं वाकलेली होती, कठडा होता. डावीकडून तिसऱ्या गजाजवळ कोणी नव्हतं. ढग होते, दरी होती, गज नीट जोडलेले होते. ते काम मी ओळखलं. एका गजाचा जोड केसभर चुकला होता, आणि तो तसाच चुकवलेला मला आठवत होता. खाली ओल्या फरशीवर मात्र पिवळं काहीतरी, प्रतिबिंबासारखं, उलटं पडलं होतं. वरच्या बाजूला फाटकी कड. खाली, जिथे चेहरा असायला हवा, तिथे फरशीचा सांधा होता. सांध्याच्या अलीकडे एक डोळा होता. तो माझ्याकडे बघत होता.

''हे काय आलंय?'' काकांनी विचारलं.

''काय की. बायको काढेल, तिचा हात आहे त्यात.'' ह्याने मोबाईल काढला, नंबर लावला आणि कपही धरायचा म्हणून स्पीकरवर टाकला.

घंटी वाजत होती. स्टुडिओ बंद होता. कुलूप मी स्वतः लावलं होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पाचव्या घंटीला फोन उचलला गेला.

''हं, बोल,'' एक बाई म्हणाली. आवाजात जरा कंटाळा, जरा वाट बघितल्याचा राग.

''झालं काम,'' हा म्हणाला. ''अकरा फ्रेम मिळाल्या. खाली फरशीवर काहीतरी पिवळं आलंय, तेवढं आल्यावर काढून टाक.''

''काढते. जेवायला येणार का?''

तिच्या मागे टेबलाचा पंखा करकरत होता. ती खुर्चीत बसलेली होती, चप्पल काढून पाय आडव्या दांडीवर ठेवलेले, समोर भिंतीवर कागद. मूळ फाईलला हात लावू नये. अजून काही झालं नव्हतं तिथे. अजून सगळं मूळ तसंच होतं. मी ह्याच्या गालाला गाल लावला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, ''अगं, ठेवू नकोस! ऐक माझं—''

पलीकडे पंखा एकदा करकरला. त्या एका क्षणात तिच्या मनात काय काय आलं ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. हिची हिंमत बघा, म्हणतेय ती.

तिने फोन आपटला.

''कट झाला,'' हा म्हणाला. ''रेंज नाही.'' ह्याने चहा संपवला, ट्रायपॉडचे पाय मिटले आणि काकांबरोबर आत गेला. आता हा शेवटच्या बसने घरी जाईल. तिला 'अगं' म्हणेल. तिच्यासमोर बसून जेवेल. सकाळी ती कॉम्प्युटर उघडेल आणि मला बघून जळून खाक होईल. मला तिच्यावर रागवायला हवं. पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटतो.

अजून थोडा उजेड आहे. मी तिसऱ्या गजापाशी परत आले आहे, हात कठड्यावर ठेवून. मला कुणी बाजूला हो म्हटलेलं नाही.